भोकं बुजवली, पट्ट्या लावल्या, तरी सर्व्हर हॉलचं मीटर ढिम्म हलेना!

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढायची वेळ आली.

मी एका डेटा सेंटरच्या फॅसिलिटी विभागात आहे. सर्व्हरच्या आत काय चालतं ते मला विचारू नका, सर्व्हर तापू नये आणि वीज जाऊ नये एवढंच माझं काम. हॉलमध्ये ६४ रॅक (सर्व्हरची कपाटं), आयटी लोड, म्हणजे सर्व्हर खातात ती वीज, २१० किलोवॅटच्या आसपास. रेझ्ड फ्लोअरखालून, म्हणजे उचललेल्या फरशीखालच्या पोकळीतून थंड हवा, चिल्ड वॉटरवरची (गार पाण्यावर चालणारी) ८ पीएसी युनिटं, म्हणजे हॉलचे मोठे एसी. रॅक नियमाप्रमाणे तोंडाला तोंड, पाठीला पाठ, म्हणजे तोंडांमधली गल्ली थंड (कोल्ड आईल) आणि पाठींमधली गरम (हॉट आईल).

दुखणं जुनं आहे. काही रॅकच्या तळाशी १७ अंश आणि त्याच रॅकच्या डोक्यावर २९-३०. आयटीवाल्यांची तक्रार आली की सेटपॉइंट (युनिटला ठरवून दिलेलं तापमान) एक अंश खाली, असं करत करत २२ वर येऊन पोचलो. मग कुठेतरी वाचलं की आधी गळती थांबवा. सलग दोन आठवडे रात्री बसून प्रत्येक रिकाम्या यूमध्ये (रॅकच्या खणात) ब्लँकिंग पॅनल, म्हणजे खण बुजवणारी पट्टी लावली, केबलसाठी फरशीत कापलेल्या भोकांना ब्रशवाली झाकणं बसवली, रॅकमधल्या फटी फोमने भरल्या. एका रॅकमागच्या भोकात कोपरापर्यंत हात गेला आणि शर्टाची बाही झेंड्यासारखी फडफडायला लागली. एवढी हवा तिथून नुसती वर जात होती.

फळ मिळालं. जिथे ३० होते तिथे आता २४.

पण मीटर! पंखे आधी ३२ किलोवॅट खात होते, आताही ३२च. चिल्लरलाही (ते पाणी गार करणारं यंत्र) काही फरक नाही. साहेबांनी विचारलं, "मग वाचलं काय?" मी गप्प. जाणकारांनो, ती वाचलेली थंड हवा गेली कुठे?

गारठलेली | सोमवार, रात्री ११:५८

मी पलीकडच्या गोटातली, म्हणजे तक्रार करणाऱ्या आयटीवाल्यांपैकी. कोल्ड आईलमध्ये स्वेटर घालून उभं राहायचं आणि केबल बघायला मागे गेलं की तोच स्वेटर कमरेला बांधायचा. वर्षानुवर्षं हेच चाललंय. उत्तर माहीत नाही, पण दुखणं फार ओळखीचं. वाचतेय.

वातकुक्कुट | मंगळवार, सकाळी ७:१५

पहिल्याच धाग्यात बाही फडफडवलीत, अभिनंदन!

दोन प्रश्न. पंखे किती टक्क्यांवर आहेत? आणि सेटपॉइंट २२ म्हणता तो कुठल्या हवेचा, युनिटमधून बाहेर पडणाऱ्या की युनिटमध्ये परत येणाऱ्या?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:५०

पंखे १०० टक्के. व्हीएफडी (पंख्याचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह) आहेत, पण हॉल सुरू झाला त्या दिवसापासून कोणी हात लावलेला नाही. २२ हे परत येणाऱ्या हवेचं. बाहेर पडते ती १६ च्या आसपास असते.

वातकुक्कुट | मंगळवार, सकाळी ७:५५

मग चोर सापडला. सविस्तर संध्याकाळी लिहितो. की @जुनाखोड, तुम्हीच घेता का?

बाराखडी | मंगळवार, सकाळी ९:३०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका. ८-८ युनिटं पूर्ण ताकदीने चालू, तळाशी १७ अंश. म्हणजे गारवा भरपूर आहे. मग वर ३० कसे? गरम हवा वर जाते म्हणून का?

जुनाखोड | मंगळवार, दुपारी १:२०

@बाराखडी, गरम हवा वर जाते हे खरं, पण इथलं कारण ते नाही. सर्व्हरला हवा दिली जात नाही, तो ती ओढून घेतो. त्याच्या पंख्यांना जेवढी हवी तेवढी तो घेणारच. समोर थंड आली तर थंड. ती वरच्या यूपर्यंत पोचलीच नाही, तर रॅकच्या डोक्यावरून किंवा रिकाम्या खणातून वळसा घालून आलेली स्वतःचीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. याला रिसर्क्युलेशन म्हणतात. एक यू म्हणजे अवघे ४४.४५ मिलिमीटर, पण तेवढी फट उघडी राहिली तरी मागची हवा पुढे यायला पुरते.

दुसरा आजार बायपास. युनिटमधून निघालेली थंड हवा केबलच्या भोकातून वर येते आणि एकाही सर्व्हरला न भेटता सरळ युनिटमध्ये परत जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डेटा सेंटरांचा अभ्यास करणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूटने २००० नंतरच्या काळात खोल्याखोल्यांत जाऊन मोजलं, तेव्हा जवळपास ६० टक्के थंड हवा अशी वाया जाताना आढळली होती. गंमत म्हणजे रॅक तोंडाला तोंड ठेवायची पद्धत आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी १९९२ मध्येच मांडली होती. लोकांनी रॅक नीट वळवले आणि भोकं तशीच ठेवली.

आता @रात्रपाळी, तुमचा हिशेब. कागद घेऊन बसा.

एका किलोवॅटची उष्णता वाहून न्यायला किती हवा लागते हे सर्व्हरमध्ये हवा किती अंशांनी तापते यावर ठरतं. सर्वसाधारण सर्व्हरमध्ये १२ अंश धरा. वॅटला १.७६ ने गुणा, अंशांनी भागा, सीएफएम मिळतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. २१० किलोवॅटला येतात साधारण ३०,८००. तुमची युनिटं प्रत्येकी किती सीएफएमची?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:०५

पाटीवर ८,००० आहे. म्हणजे ६४,००० होतात. थांबा... दुप्पट??

जुनाखोड | मंगळवार, दुपारी २:४०

दुप्पट. आणि तुमचे आकडेच ते ओरडून सांगतायत. सर्व्हर हवा १२ अंशांनी तापवतो, पण युनिटच्या दारात फरक फक्त ६ चा (१६ आणि २२). कारण प्रत्येक घमेलंभर गरम हवेत एक घमेलं बिनकामाची थंड हवा मिसळते.

तुम्ही भोकं बुजवलीत तेव्हा हवा कमी झाली नाही, फक्त तिची वाट बदलली. आधी भोकातून वर यायची, आता जाळीच्या टाइलमधून येते. त्यामुळे ती वरच्या सर्व्हरपर्यंत पोचली आणि ३० चे २४ झाले. उरलेली निम्मी कोल्ड आईलमधून रॅकवर उसळून परत युनिटात. उष्णता तेवढीच, हवा तेवढीच, म्हणून १६ आणि २२ तेच, पंख्याचा वेग तोच, चिल्लरवरचा भारही तोच. मीटर हलेल कशाने?

पट्ट्यांनी वीज वाचत नाही. पंखे कमी करायची परवानगी पट्ट्यांमुळे मिळते. ती परवानगी तुम्ही अजून वापरलेली नाही.

गारठलेली | मंगळवार, दुपारी ३:१०

शेवटचा परिच्छेद छापून आमच्या फॅसिलिटीच्या दारावर चिकटवणार आहे.

मितभाषी | मंगळवार, दुपारी ३:२५

+१

शब्दवेडा | मंगळवार, दुपारी ४:००

अवांतर: ब्लँकिंग पॅनलला मराठी शब्द काय करावा? झाकणपट्टी? बुजवणी?

गारठलेली | मंगळवार, दुपारी ४:०४

डोळेझाक.

शब्दवेडा | मंगळवार, दुपारी ४:०६

तो शब्द मॅनेजमेंटसाठी आधीच राखीव आहे.

थेटबोलतो | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

एवढं गणित कशाला? दुप्पट आहे ना, मग तीन युनिटं बंद करा. पाच राहिली, ४०,००० सीएफएम, गरजेपेक्षा ३० टक्के जास्त. पंख्यांचे ३२ चे २० किलोवॅट झाले. दोन मिनिटांचं काम.

वातकुक्कुट | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

@थेटबोलतो, व्हीएफडी नसते तर तुमचंच बरोबर होतं. पण आहेत, म्हणून नाही.

पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला तर वीज निम्म्यावर येते, ५० टक्के केला तर आठव्या हिश्श्यावर. आठही युनिटं ६५ टक्क्यांवर आणली तर हवा ४१,६०० सीएफएम, तुमच्या पाचांपेक्षा थोडी जास्तच. आणि वीज? ०.६५ चा घन ०.२७५. म्हणजे ३२ चे कागदावर ८.८ किलोवॅट. ड्राइव्ह आणि मोटरचे तोटे धरले तर ११ म्हणा. तुमचे २० कुठे आणि हे ११ कुठे.

शिवाय पंख्याला दिलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत बसतो आणि तो काढायला चिल्लर पुन्हा वीज खातो. एकाच चोराला दोनदा जेवू घालायचं.

तिसरं म्हणजे युनिट बंद केलं की त्याच्या समोरच्या फरशीखालचा दाब पडतो आणि तिथले रॅक उपाशी राहतात. त्या युनिटचा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) नीट मिटत नसेल तर फरशीखालची थंड हवा त्याच्यातूनच उलटी वर येते. मग पुन्हा बायपास.

थेटबोलतो | मंगळवार, रात्री ८:२०

घन माहीत नव्हता. माघार. पण एक युनिट बिघडलं की? सगळी ६५ वर असताना?

वातकुक्कुट | मंगळवार, रात्री ८:३५

उरलेली सात ७५ च्या आत चढतात आणि हवा तेवढीच राहते. बंद पडलेल्या यंत्राला हाक मारून उठवण्यापेक्षा चालतं यंत्र थोडं जोरात पळवणं केव्हाही सोपं.

वैशाखवणवा | मंगळवार, रात्री १०:१५

थांबा थांबा, @रात्रपाळी, आज रात्री जाऊन पंखे कमी करू नका! आमच्याकडे नेमकं हेच केलं होतं, त्याची कहाणी ऐका.

सेटपॉइंट परत येणाऱ्या हवेवर, २२. उत्साहात पंखे ६५ वर आणले. पहाटेपर्यंत चार युनिटांच्या ट्रेमध्ये पाणी साचलं, ह्युमिडिफायर कोकलायला लागले आणि काही रॅकच्या तळाशी १३ अंश. काय झालं ते कळायला मला दोन दिवस लागले.

हवा कमी केली की तीच उष्णता कमी हवेत जाते, त्यामुळे युनिटच्या दारातला फरक वाढतो. ६ चा ९ होतो. बिचाऱ्या युनिटला हुकूम एकच, परत येणारी हवा २२ ठेव. मग ते बाहेर १३ ची सोडतं. एवढ्या गार कॉइलवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळतं, खोली कोरडी पडते, शेजारचं युनिट म्हणतं कोरडं झालं आणि वाफ सोडायला लागतं. एक युनिट पाणी काढतंय, दुसरं घालतंय, दोघंही वीज खातायत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

म्हणून आधी कंट्रोल बाहेर पडणाऱ्या हवेवर न्या. ती १८-२० ला बांधा. परत येणारी हवा मग २९ होवो नाही तर ३१, ती जेवढी गरम तेवढं बरं, कॉइलला काम करणं सोपं जातं. आणि आठही युनिटांना दमटपणाचा हुकूम एकाच जागेवरून द्या, प्रत्येकाला आपापली मर्जी चालवू देऊ नका.

जुनाखोड | मंगळवार, रात्री १०:४०

हा प्रतिसाद लाखमोलाचा. मी दुपारी क्रम सांगायला विसरलो होतो, चूक कबूल.

आणखी एक पुस्ती, वाचणाऱ्या इतरांसाठी. धागाकर्त्याची युनिटं चिल्ड वॉटरची आहेत म्हणून हे चालतं. डीएक्स असतील, म्हणजे युनिटातच कॉम्प्रेसर असेल, आणि तो कमीजास्त होणारा नसेल, तर पंखा फार कमी केल्यावर कॉइलवर बर्फ धरतो. तिथे आधी युनिट बनवणाऱ्याला विचारायचं.

बाराखडी | बुधवार, सकाळी ९:१०

एवढं सगळं करण्यापेक्षा एआयला सांगा ना. गूगलने २०१६ मध्ये डीपमाइंड लावून कूलिंगची वीज ४० टक्क्यांनी कमी केली होती, ते वाचलंय मी.

वातकुक्कुट | बुधवार, सकाळी ९:३५

बरोबर वाचलंत. पण त्यांची भोकं आधीच बुजलेली होती. गूगलने २०११ मध्ये जे उपाय जाहीर केले त्यात आधी पीयूई मोजा, मग हवा सांभाळा, मग थर्मोस्टॅट वर न्या, असंच होतं. गळक्या घागरीत कुठल्या वेगाने पाणी ओतावं हे एआय सांगेल, घागर सांधून देणार नाही.

नवाकोरा | बुधवार, दुपारी १२:००

पीयूई म्हणजे?

मितभाषी | बुधवार, दुपारी १२:०३

एकूण वीज भागिले आयटीची वीज. १ म्हणजे आदर्श. अपटाइमच्या पाहणीत जगाची सरासरी २००७ मध्ये २.५ होती, २०२३ मध्ये १.५८.

गारठलेली | बुधवार, दुपारी १२:०५

मितभाषींनी एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

थेटबोलतो | बुधवार, दुपारी १:३०

मग आता पुढची काडी टाकतो. पुरवठा २० ला का, २७ ला का नाही? ॲश्रेची (वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) शिफारस १८ ते २७ आहे. २००४ ला २० ते २५ होती, २००८ मध्ये त्यांनीच वाढवली. ए२ वर्गातल्या सर्व्हरला तर ३५ पर्यंत चालतं. आपण अजून बर्फाच्या कारखान्यात का राहतोय?

गारठलेली | बुधवार, दुपारी २:१५

@थेटबोलतो, ३५ हे 'चालून जाईल' आहे, 'असावं' नाही. आणि ॲश्रेचे आकडे सर्व्हरच्या तोंडाशी मोजायचे असतात, युनिटच्या दारात नाही. युनिटात २७ ठेवलं आणि कुठे एक जरी फट राहिली, तर वरच्या यूला ३१-३२ सहज होतात.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो सर्व्हरच्या आतला आहे. साधारण २५-२७ च्या पुढे सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोर धरायला लागतात, आणि घनाचा नियम त्यांनाही लागू आहे. छोटे छोटे पंखे, पण हजारोंनी. ही वीज कुठल्या खात्यात पडते? आयटीच्या! म्हणजे पीयूईच्या छेदात.

उदाहरण घ्या. आयटी २१०, एकूण ३१७, पीयूई १.५१. आता तापमान चढवलं, चिल्लरची ५ किलोवॅट वीज वाचली, पण सर्व्हरच्या पंख्यांनी १२ जास्त खाल्ली. आयटी २२२, एकूण ३२४, पीयूई १.४६. कागदावर सुधारणा, टाळ्या, आणि मीटर ७ किलोवॅट वर. हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय, तिथे त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. नाव सांगत नाही.

थेटबोलतो | बुधवार, दुपारी २:४०

आज माझा दिवस नाही.

जुनाखोड | बुधवार, संध्याकाळी ५:००

असं कसं, मुद्दा अर्धा बरोबर आहे तुमचा. सर्व्हरच्या तोंडाशी २२ वरून २४ ला जाण्यात भीती नाही, आणि पुरवठा वर गेला की चिल्ड वॉटरही वर नेता येतं. ७ च्या जागी १० अंशांचं पाणी बनवायला चिल्लरला कमी कष्ट पडतात. बाहेर थंडी असेल तेव्हा चिल्लरशिवायच काम भागण्याचे तासही वाढतात. फक्त प्रत्येक पायरीवर एकूण मीटर बघायचं, पीयूई नाही. एकूण वीज उलटी चढायला लागली की एक पायरी मागे.

दोरेवाला | बुधवार, रात्री ९:२०

उशिरा आलो. कोणीच मोजमापाच्या गरिबी हत्याराबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

सीएफडीचं (संगणकावर हवेचा प्रवाह दाखवणारं) मॉडेल वगैरे ठीक आहे, पण एक पट्टी घ्या, तिच्या टोकाला वीतभर शिवणाचा दोरा बांधा आणि हॉलमध्ये फिरा. रॅकच्या दारावर, फटीपाशी, जाळीच्या टाइलवर धरा. दोरा आत ओढला जातोय की बाहेर फेकला जातोय ते लगेच दिसतं. (धुराची कांडी वापरू नका. आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने वापरली होती. धूरशोधक यंत्रं किती कार्यक्षम आहेत ते सगळ्या इमारतीला जिन्यावरून उतरताना कळलं.)

दोऱ्याने दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, नेटवर्क स्विच. पुष्कळ स्विचची हवा बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते, किंवा पोर्ट मागच्या बाजूला यावेत म्हणून तो उलटा बसवलेला असतो आणि हॉट आईलमधली हवा पितो. त्याला डक्ट लावा किंवा उलट दिशेच्या पंख्यांचा स्विच घ्या, नुसत्या पट्ट्यांनी भागत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हीच शोधा. युनिटच्या अगदी पुढ्यातल्या जाळीच्या टाइलवर दोरा धरा आणि इथे येऊन सांगा.

पाणीदार | बुधवार, रात्री ११:३०

सगळं वाचलं. छान चर्चा, पण मंडळी, तुम्ही बैलगाडीच्या चाकाला वंगण घालताय. पाणी त्याच आकारमानात हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता धरतं. नव्या एआय रॅकचे आकडे बघा, एनव्हिडियाचा ७२ जीपीयूचा रॅक १२० किलोवॅटच्या घरात जातो. तो हवेने गार करायचा म्हणजे खोलीत वादळ आणावं लागेल. पाणी थेट चिपपर्यंत न्या, हा धागाच मिटतो.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५०

@पाणीदार, आमचा सरासरी रॅक ३.३ किलोवॅटचा आहे हो. आमची बैलगाडीच आहे, तिला वंगणच लागणार.

जुनाखोड | गुरुवार, सकाळी ८:००

आणि पाण्यावरच्या रॅकमध्येही मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय यांचा काही वाटा पुष्कळदा हवेवरच राहतो. १२० किलोवॅटचे १५ टक्के धरले तरी १८ होतात, @रात्रपाळींच्या पाच रॅकपेक्षा जास्त. बैल म्हातारा झाला, मेला नाही.

वैशाखवणवा | गुरुवार, सकाळी ९:४५

कंटेनमेंटबद्दल कोणी लिहिलं नाही. गल्लीला दोन्ही टोकांना दारं आणि वर छप्पर. थंड गल्ली बंद करा किंवा गरम, हवा मिसळायचीच थांबते. नवीन बांधत असाल तर गरम गल्ली बंद करणं जास्त बरं, म्हणजे उरलेली खोली माणसासारखी राहते. जुन्या रेझ्ड फ्लोअरच्या हॉलमध्ये थंड गल्ली बंद करणं सोपं. पण छप्पर टाकण्याआधी आग विझवण्याची व्यवस्था बघणाऱ्याला विचारा. वरून येणारा गॅस किंवा पाणी त्या छपराने अडलं तर वाचवलेल्या विजेचं काय करायचं?

रात्रपाळी | पाच आठवड्यांनी, शनिवार, पहाटे ३:१०

मंडळी, धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा आहे.

क्रम तुम्ही सांगितला तोच ठेवला. आधी कंट्रोल बाहेर पडणाऱ्या हवेवर आणलं, १८ अंश. दमटपणाचा हुकूम एका जागेवरून. मग पंखे ९०, ८०, ७०, ६५, प्रत्येक पायरीवर दोन दिवस थांबलो. १२ रॅकच्या तळाशी, मध्ये आणि डोक्यावर सेन्सर लावले होते. ७० वर आल्यावर एका ओळीत डोक्यावरचा आकडा २७ ला टेकला. जाऊन बघितलं तर कोणीतरी नवीन सर्व्हर बसवताना काढलेली चार पॅनल रॅकवरच ठेवून गेलं होतं. लावली, २३ झाले.

आता पुरवठा २०, परत येणारी हवा २९. पंखे ३२ चे ११ किलोवॅट. @वातकुक्कुट, तुमचा अंदाज बिनचूक! २१ किलोवॅट म्हणजे वर्षाला १ लाख ८४ हजार युनिट वीज. चिल्ड वॉटर ७ चं १० केलं आणि ती पाणी काढण्याघालण्याची भांडणं थांबली, तिथे आणखी १२ गेले. एकूण ३५० चे ३१७. आयटी २१० वरच आहे, हे @गारठलेली यांच्यासाठी मुद्दाम मोजलं.

एक युनिट दिवसाढवळ्या बंद करून पाहिलं. उरलेली सात ७४ टक्क्यांवर चढली, कुठेही २५ च्या वर गेलं नाही. कंटेनमेंट साहेबांच्या टेबलावर आहे, आगवाल्यांचं पत्र यायचंय.

साहेब मीटर बघून म्हणाले, "हे आधीच का नाही केलं?"

गारठलेली | शनिवार, सकाळी ७:३०

हाहाहा, साहेब सगळीकडे एकच. आकडे मात्र झकास. रिकाम्या यूची पॅनल काढली की परत लावायची, हे आमच्या चेकलिस्टमध्ये आजच घालते. ते 'कोणीतरी' आमच्याच जमातीतलं असणार.

दोरेवाला | शनिवार, सकाळी ८:१०

ते सगळं ठीक, पण माझ्या गृहपाठाचं काय?

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ८:४०

केला! ५ नंबरच्या युनिटसमोरच्या पहिल्या टाइलवर दोरा धरला तर तो वर उडायच्या ऐवजी जाळीतून खाली फरशीत ओढला गेला. मला वाटलं गाठ चुकली. परत बांधला, परत खाली. पंखे १०० वर असतानाचं सांगतोय हं.

दोरेवाला | शनिवार, सकाळी ८:५५

शाब्बास. युनिटमधून हवा फरशीखाली इतक्या वेगाने सुटते की त्या जागी दाब खोलीपेक्षाही कमी होतो, आणि टाइल हवा द्यायच्या ऐवजी खोलीतली हवा खाली ओढते. बर्नुलीची कृपा. त्या टाइलसमोरचा रॅक वर्षानुवर्षं तक्रार करत असेल आणि तुम्ही तिथेच युनिट सगळ्यात जवळ आहे म्हणून चक्रावत असाल.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ९:०५

अगदी तोच रॅक! तिथे जास्त हवा मिळावी म्हणून आम्ही मुद्दाम ५६ टक्के उघडी जाळी बसवली होती. ६५ वर आल्यावर दोरा नुसता लोंबकळतो, वरही नाही खालीही नाही. काल रात्री ती जाळी काढून बंद टाइल टाकली आणि जाळी दोन टाइल पुढे सरकवली.

सुरक्षारक्षक काचेतून बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, साहेब, मासा लागला का?

मितभाषी | शनिवार, सकाळी ९:०७

२१ किलोवॅटचा.